चंडोलामागे उभा असलेला माणूस

राजेंद्र नगर, इंदूर
१२ फेब्रुवारी १९९४, शनिवार

प्रिय दादा,

वर्ष होत आलं, तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. एकाच गावात राहून एकमेकांना पोस्टकार्डं टाकणारी आपण दोनच माणसं, असं वहिनी म्हणायच्या. तुझं परदेशीपुऱ्यातून निघालेलं कार्ड राजेंद्र नगरला पोचेपर्यंत त्यातला पक्षी कधीच उडून गेलेला असायचा. तरी मी उत्तर टाकायचेच. तू गेल्यावर मात्र कार्ड तर सोडच, मी रोजनिशीही लिहिली नाही. लिहायला बसले की वाटायचं, जे आपल्याला माहीत नाही ते कशाला लिहा?

आज लिहितेय, कारण आज माहीत झालं. निदान अर्धं.

पुण्याच्या पक्षीतज्ज्ञ सरांचं उत्तर आलं. तुझा पक्षी तोच आहे, दादा. बायमॅक्युलेटेड लार्क. गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग असलेला, हिवाळ्यात इराण, मध्य आशियाकडून येणारा आणि आपल्या माळव्यात सहसा न उतरणारा चंडोल. सरांनी लिहिलंय, "शंकेला जागा राहिलेली नाही." आणि सर शंकेला केवढी जागा ठेवतात, ते तुला मी काय सांगू?

पण पत्राच्या शेवटी त्यांनी एक साधा प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. असलंच तर ते तुझ्याजवळ आहे.

क्रमानं सांगते. तुला क्रम लागायचा. मिलच्या फोल्डिंग खात्यात टेबलावरून सरकणाऱ्या कापडातला तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण शोधत तुझी उमर गेली, आणि रविवारी सुट्टीच्या दिवशीही तू तेच करायचास. सांवेर रस्त्याच्या पडीक रानात आपण पालथे पडून चंडोल बघायचो. मातीच्या रंगाचे ते पक्षी मला सगळे सारखेच दिसायचे. मी कंटाळून म्हणायचे, सगळे एकसारखे तर आहेत. तू दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणायचास, "एकसारखे नसतात शैले, आपण अर्धवट बघतो."

मग मिल बंद झाली. गेटला कुलूप लागलं, गेटसमोर मंडप पडला. पेपरात रोज यायचं की देश खुला होतोय, पीथमपूरला नवे कारखाने येतायत, परदेशी माल येतोय. तुझ्या वयाच्या माणसाला त्या नव्या कारखान्यांत कोणी विचारत नव्हतं. मंडपात बसून घोषणा देणं तुला जमेना, घरी बसणंही जमेना. तू पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघायला लागलास. मागच्या भिंतीला खिंडार पडलं होतं, तिथून आत शिरायचास आणि कापसाच्या गाठी ठेवायच्या त्या मोठ्या मैदानात दिवसभर बसायचास. भोंगा वाजत नव्हता, तरी तू वेळेवर हजर.

परदेशीपुऱ्यातल्या लोकांनी ठरवून टाकलं की तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मला काय वाटायचं? खरं सांगायचं तर काही दिवस मला वाटायचं, माझा भाऊ नेहमीसारखा पक्षी बघतोय. आणि काही दिवस मला लोकांसारखंच वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात तुझं ते कार्ड आलं. मैदानात मोठा चंडोल, जाड चोच, गळ्याशी दोन काळे डाग. पक्षी बघणाऱ्या आपल्या रविवारच्या मंडळीत तू सांगितलंस तेव्हा सगळे हसले. छोटे चंडोल दर हिवाळ्यात थव्यानं येतात, त्यांच्याही गळ्याशी काळपट ठिपका असतो. त्यातलाच एखादा थंडीनं फुगून बसला असेल, असं म्हणाले. बँकेतले शर्माजी तर म्हणाले, "अरे भिया, मिल बंद हुई है, ईरान थोड़ी आ गया परदेशीपुरे में!" तूही हसलास. पण आपलं म्हणणं मागे घेतलं नाहीस आणि पुढेही रेटलं नाहीस. म्हणालास, शेपूट दिसू दे. शेपटीचं टोक पांढरं आणि कडा तपकिरी दिसली, की मग नाव घेईन. तोवर माझंही नक्की नाही.

असा तू. तुझ्यावर हसणाऱ्यांना त्यांची बाजूसुद्धा तूच नीट मांडून द्यायचास. याचा मला तेव्हा राग यायचा. अजून येतो.

त्या दिवशी टेम्पो स्टँडपर्यंत सोडायला आलास आणि तिथे तू मला दुसरी गोष्ट सांगितलीस. ती मंडळींना सांगितली नव्हतीस.

"मैदानात आणखी एक जण असतो."

मी म्हटलं, चौकीदार असेल. तू म्हणालास, चौकीदार पुढच्या गेटवर असतो, तो मागे येत नाही. "हा मागच्या भिंतीशी उभा असतो, पाठमोरा. लांबून ओळखीचा वाटतो." मग म्हणालास, "चंडोल त्याला बिचकत नाही. मला बिचकतो."

टेम्पो आला. मी बसले. खिडकीतून बघितलं तर तू पाठ फिरवून परत निघाला होतास, डावा खांदा जरा खाली, नेहमीसारखा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू मैदानातल्याच पाण्याच्या हौदात सापडलास. दुर्बीण गळ्यात होती. कॅमेरा हौदाच्या कठड्यावर होता, केसमध्ये, बटणं लावलेला. हे बटणांचं परदेशीपुऱ्यात सगळीकडे झालं. माणसानं कॅमेरा इतका नीट काढून ठेवला, म्हणजे ठरवूनच गेला असणार. दारात येणारा प्रत्येक जण हळू आवाजात हेच बोलून जायचा. काहीजण हळूही बोलत नव्हते. मिल बंद झालेल्या किती जणांनी असं केलं, याची उदाहरणंही देत होते.

तेराव्याला सगळे गेल्यावर मी आणि वहिनी भांडी पुसत होतो. त्यांनी हातातलं पातेलं पुसता पुसता विचारलं, "वन्सं, खरं सांगा. तो पक्षी होता का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

दुसरं काय म्हणणार होते? पक्षी असेल, तर तू त्याला बघायला कठड्यावर चढलास आणि पडलास. पक्षी नसेल, तर लोक म्हणतात तसं. त्यांनी त्या प्रश्नात सगळं विचारून टाकलं होतं आणि मला हो म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बहिणीनं धीर द्यायला म्हणून हो म्हटलं असतं. तू मला तसं शिकवलं नाहीस.

त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. आत रोल होता, अर्धा झालेला. तो मी तेव्हाच धुवायला का टाकला नाही, असं तू विचारशील. आपल्या घरात रोल पुरा झाल्याशिवाय कधी कुणी धुवायला टाकलाय का? बाबांच्या वेळेपासून लग्नं, मुंजी, सत्यनारायण सगळे एका रोलमध्ये निघाले, आणि पहिल्या फोटोतलं बाळ धुवून येईपर्यंत चालायला लागलेलं असायचं. उरलेले फोटो कशाचे काढायचे, ते मला ठरवता येईना. दिवाळीचे? सहलीचे? तुझ्या रोलवर? वर्ष तसंच गेलं. मनात भीतीही होती. आत काही नसलं तर?

यंदाची थंडी पडली तेव्हा ठरवलं, उरलेला रोल त्याच मैदानात संपवायचा. चौकीदार रामप्रसादनं पुढच्या गेटातून आत घेतलं. मागच्या बाजूला तो अजूनही जात नाही. बोटानं दिशा दाखवली आणि स्टुलावर जाऊन बसला.

दादा, तू तिथे दिवसभर कसा बसायचास? वाऱ्यानं विणकर खात्याच्या फुटक्या काचा वाजतात आणि मग अचानक काहीच वाजत नाही. एवढ्या मोठ्या जागेत इतकी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. मिलच्या चिमणीची सावली मैदानात पडते आणि बघताना हललेली दिसत नाही, पण दुसरीकडे नजर वळवून परत बघावं तर ती सरकलेली असते. मला सारखं वाटत होतं की मी कुणाच्या तरी मध्ये येऊन बसलेय. छोट्या चंडोलांचा थवा होता. तुझा पक्षी दिसला नाही. मी थव्याचे, भिंतीचे, हौदाचे फोटो काढले. रोल संपल्यावर उलटा फिरायला लागला, तो आवाजसुद्धा तिथे नको इतका मोठा वाटला.

आता गावात नवी कलर लॅब झालीय. मशिनवर तासाभरात फोटो देतात. मी बाहेर उभी राहिले. पाकीट हातात आलं, तर वर वर्षभरापूर्वीची वहिनींची तुळस, मंडपातली माणसं, मग एकामागून एक तीन फोटो त्या मैदानाचे. आणि तिन्हींत तो.

पहिल्यात जाड चोच आणि डोळ्यावरची पांढरी भुवई. दुसऱ्यात मान वर केलेली, गळ्याशी दोन्ही डाग, जवळजवळ एकमेकांना भिडलेले. त्याच्या शेजारी मातीत सूत गुंडाळायचं एक लाकडी बॉबिन पडलंय. मी परत जाऊन तसलंच बॉबिन आणलं, पट्टीनं मोजलं, फोटोतल्या पक्ष्याशी ताडून बघितलं. छोटा चंडोल एवढा मोठा असूच शकत नाही, कितीही फुगला तरी. आणि तिसऱ्यात तो पंख साफ करायला वळलाय आणि शेपूट पंख्यासारखी उघडलीय. टोक पांढरं. कडा तपकिरी.

शेपूट तुझ्याजवळ होती, दादा. त्या कॅमेऱ्यात, त्या रोलमध्ये. फोटो काढताना बटण दाबायच्या नादात तुला ती दिसली नसणार. तू कॅमेरा केसमध्ये घातलास, बटणं लावलीस, कारण कॅमेरा तू कायमच तसा ठेवायचास. गळ्यात दुर्बीण होतीच. आणि पक्षी उडाला तो कुठे बसतो, शेपूट दिसते का, ते बघायला कठड्यावर चढलास. जे तुला हवं होतं ते घेऊन तू घरी येऊ शकला असतास! एवढी कसली घाई होती?

मी लॅबच्या पायरीवर बसले. लोक वळसा घालून जात राहिले.

पण हे मला वाटून काय उपयोग? मी तुझी बहीण. वहिनींना सांगायचं तर बाहेरच्या कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून मी पक्षी तेवढा मोठा करून घेतला, आजूबाजूचं कापून, आणि पुण्याला पाठवला. सरांनी लिहिलं, पक्षी फार चांगला आहे, पण हा फोटो इंदूरचाच कशावरून? कच्छमध्ये काढलेले फोटो लोक आपल्या गावच्या नावानं पाठवतात. न कापलेला फोटो पाठवा, मागचं दिसू द्या.

बरोबरच होतं. मागे चिमणी आहे, मिलची भिंत आहे. पाठवण्याआधी म्हटलं, वहिनींना दाखवून यावं.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी फोटो घेतला. मी बोटानं दाखवलं, हा बघा पक्षी. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलंच नाही.

"हा कोणी काढला?"

"दादानं."

"मग हे यात कसे?"

मी भिंग घेऊन कितीतरी दिवस ते फोटो बघत होते. चोचीची लांबी मोजत होते, पिसं मोजत होते. आणि पक्ष्याच्या मागे एक माणूस उभा आहे, हे मला दिसलं नव्हतं.

आम्ही तिन्ही फोटो पलंगावर ओळीनं मांडले. पहिल्यात तो पार मागच्या भिंतीशी आहे, अंगठ्याच्या नखाएवढा, धूसर. दुसऱ्यात भिंत आणि हौद यांच्या मधोमध. तिसऱ्यात हौदाच्या अलीकडे. पक्षी जागचा हललेला नाही. आणि तो माणूस तिन्ही फोटोंत पाठमोरा आहे. दर वेळी जवळ, पण पाठमोरा.

वहिनी म्हणाल्या, "रोज दारातून जाताना मी पाठच बघितलीय यांची. मला चेहरा नको ओळखायला."

डावा खांदा खाली आहे, हे मलाही दिसतंय. अंगात फिका पट्टा असलेला स्वेटर आहे, तसा वहिनींनी तुला विणला होता. पण मी तुझ्याकडे शिकलेय ना! धूसर आहे. पट्ट्याचे स्वेटर निम्म्या इंदुरात आहेत. मी परत मैदानात गेले. रामप्रसादला कसंबसं पटवून मागे नेलं आणि त्या जागी उभं केलं, भिंतीच्या विटांच्या थरांवरून उंची काढायला. फोटोतला माणूस रामप्रसादपेक्षा जेवढा उंच निघाला, तेवढाच तू होतास. पण तेवढी उंच माणसं किती असतील? मी स्वतःच कॅमेरा ठेवून टायमर लावूनही बघितला. हौदापर्यंतसुद्धा धावत जाता येत नाही, भिंत तर लांबच. आणि माणूस धावत गेला असता तर चंडोल बसून राहिला असता का?

रामप्रसादला फोटो दाखवला. तो म्हणाला, "मैडमजी, तांबा-लोहा चुराने वाले आते रहते हैं, होगा कोई." मग फोटो परत हातात देताना म्हणाला, "पर चोर पीठ करके काय को खड़ा रहेगा?" आणि माझ्याआधी गेटाकडे चालायला लागला.

त्या दिवशी घरी येऊन मी माझे स्वतःचे फोटो भिंगाखाली धरले, यंदा काढलेले. थवा, भिंत, हौद. कोपरे न् कोपरे बघितले. कोणी नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच रडू आलं. तू मला दिसायला नको होतास की हवा होतास, हे मला अजून कळलेलं नाही.

मी न कापलेले तिन्ही फोटो पुण्याला पाठवले. त्या माणसाबद्दल काही लिहिलं नाही. विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. हे बरोबर केलं का, याचा विचार करत बसले होते, तोवर आज उत्तरच आलं.

सरांनी अभिनंदन केलंय. नोंद तुझ्या नावानं छापणार आहेत. आणि मग लिहिलंय की इतक्या दुर्मिळ नोंदीला दुसरा साक्षीदार असला तर बरं. "फोटोत मागे उभे असलेले गृहस्थ कोण? पक्षी त्यांनीही जवळून पाहिलेला दिसतो. त्यांचं नाव कळवावं."

काय कळवू, दादा?

आणि तिकडे वहिनींचं वेगळंच. पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या तुझा हल्लीचा फोटो घरात एकही नाही. मिलच्या आयकार्डावरचा आहे, पण तो लग्नाआधीचा. वहिनी म्हणतात, त्या मुलाला मी ओळखत नाही आणि तो मला ओळखत नाही. त्यांना तिसऱ्या फोटोतला माणूस तेवढा मोठा करून हवाय. फ्रेम करून, चौरंगावर ठेवून, हार घालायला. पाठमोरा तर पाठमोरा, म्हणाल्या.

मी त्यांना हो म्हणू शकले नाही. तो तू नसलास तर? तो कुणी भंगार चोरणारा असेल, मिलमधलाच कुणी असेल, आज परदेशीपुऱ्यात कुठेतरी चहा पीत बसला असेल. जिवंत माणसाच्या फोटोला आपण हार घालतो का? आणि तो तूच असलास, तर त्या वेळी तू जिवंत होतास, हातात कॅमेरा घेऊन होतास. मग हार कुणाला?

आज सरांचं पत्र घेऊन परदेशीपुऱ्याला गेले. टेम्पोत बसून चार वेळा ठरवलं की आधी काय सांगायचं. दारात गेल्यावर काही ठरवलेलं उरलं नाही.

"वहिनी, पक्षी होता."

त्या उभ्या होत्या, खाली बसल्या. मी पत्र वाचून दाखवलं. शेपटीचं, बॉबिनचं, सगळं समजावलं. पत्र संपल्यावर म्हणाल्या, "मग हे पडले."

मी म्हटलं, हो. पाय घसरला असणार.

"मग हे पडले," त्या परत म्हणाल्या. इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं; शेजारच्यांना ते मोठ्यानं ऐकवायला हवं होतं असं मला वाटलं. मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि गॅसवर चहा ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी दोन कप काढले. एरवी मला देतात आणि स्वतः मोरीशी जाऊन उभ्या राहतात.

चहा पिताना मी हाराची अडचण सांगितली. कधी नव्हे ती स्पष्ट सांगितली, सरांनी विचारलंय तेसुद्धा. त्यांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

"हार नको," म्हणाल्या. "नुसता ठेवू. जिवंत असला तर पाहुणा आलाय म्हणायचं. नसला तर घरचाच आहे."

मला इतकं सोपं का सुचलं नाही?

तिथेच बसून मी पुण्याला उत्तर लिहिलं. निरीक्षक म्हणून तुझं नाव. साक्षीदार: एक व्यक्ती, ओळख अनिश्चित. खाली एक ओळ घातली की फोटोंत ही व्यक्ती पक्ष्याच्या बरीच जवळ आलेली दिसते आणि पक्षी तिला बिचकलेला नाही. निरीक्षण म्हणून तेवढंच खरं आहे. सर काय समजायचं ते समजोत. येताना पाकीट रजिस्टर करून टाकलं.

इथेच थांबणार होते. पण निघताना चपला घालत होते, तेव्हा वहिनींनी विचारलं, "तिन्ही फोटोंत ते जवळ येतायत. चौथ्यात कुठे असते हो?"

मी म्हटलं, दादानं चौथा काढलाच नाही.

घरी येऊन निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली, तेव्हा लक्षात आलं. चौथा आहे. तुझ्या तिसऱ्या फोटोला लागून जी चौकट आहे, ती माझी आहे. वर्षभरानं काढलेली, पण रोलवर लगेच पुढची. हौदाच्या अलीकडून आणखी तेवढंच अंतर पुढे आलं, तर माणूस कॅमेऱ्याशी येतो. माझ्या फोटोत कोणी नाही. पण मी कॅमेऱ्यामागे होते, दादा, आणि कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते फोटोत येत नाही. मी तिथे बसले असताना छोट्या चंडोलांचा थवा माझ्याजवळ, अगदी हाताच्या अंतरावर चरत होता. एकही बिचकला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

तूच होतास का? असलास तर बोलला का नाहीस? आणि तू नव्हतास, तर तुला तिथे जो दिसायचा तो कोण?

मला भीती वाटतेय, हे कबूल करते. पण ज्या भीतीनं वर्षभर रोल धुतला नाही, तसली ही नाही. वहिनींना ती जागा बघायचीय. यांनी शेवटचं काय बघितलं ते मला बघू दे, म्हणाल्या. मी त्यांना नेईन. तुला शब्द देते, यापुढे मी कुठलाही फोटो कापून बघणार नाही. मैदानात कोणी उभं दिसलं, तर आधी त्याच्याकडे बघेन, मग पक्ष्याकडे. आणि तुझं नाव कुणी हळू आवाजात घेतलं, तर मी मोठ्यानं सांगेन की माझा भाऊ चंडोल बघायला गेला होता.

तुझी,
शैला

उद्या: वहिनींना मैदानावर नेणे. कॅमेरा न घेता.